बीविना गर्भ

संत्र्याचा मोसम असेल तेव्हा हा प्रयोग करून पाहा. संत्रे खाऊन झाल्यावर त्याच्या बिया टाकून देऊ नका. चांगल्या भरलेल्या दहा बिया धुऊन घ्या आणि कुंडीतील भुसभुशीत मातीत अर्धे पेर खोल, एकमेकींपासून दोन-दोन बोटे अंतरावर पेरा. माती ओलसर राहू द्या, पण चिखल नको. तीन-चार आठवड्यांत कोंब वर येतील. मग त्यांची मोजदाद करा. बिया दहा आणि रोपे तेरा किंवा चौदा, असा हिशेब लागला तर मोजण्यात चूक झाली असे समजू नका. जोडीने उगवलेली रोपे मातीसकट अलगद उचलून पाहा. दोघांची खोडे वेगळी, मुळे वेगळी, पण दोघांचे बूड एकाच बीच्या सालीत अडकलेले!

ज्यांना इतका धीर नाही त्यांनी रात्रभर भिजवलेल्या बीची वरची जाड साल आणि आतली तपकिरी पातळ साल सोलावी. शेंगदाण्यात जशा दोन सारख्या डाळी दिसतात तशा येथे दिसणार नाहीत. हिरवट रंगाचे लहानमोठे, वेडेवाकडे तुकडे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतील. एका बीत एकाहून अधिक गर्भ असल्याची ही खूण. सूक्ष्मदर्शकातून जीवसृष्टी पाहणाऱ्या लेव्हेनहूकने ही गोष्ट १७१९ सालीच नोंदवली होती. (पपनसाच्या बिया मात्र या प्रयोगासाठी घेऊ नका. पपनसाच्या बीत एकच गर्भ असतो.)

हे जादा गर्भ येतात कोठून? परागकणातील पुंबीज आणि बीजांडातील अंडपेशी यांच्या मीलनातून गर्भ तयार होतो, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकलेले आहात. संत्र्याच्या बीत असा एक गर्भ असतो. बाकीचे गर्भ बीजांडातील, अंडपेशीच्या भोवतालच्या साध्या पेशींपासून तयार होतात. या पेशी म्हणजे आईच्याच देहाचा भाग. त्यांपासून झालेल्या गर्भात परागकणाचा, म्हणजे बापाचा, काडीइतकाही वाटा नसतो. ते रोप म्हणजे आईच्या झाडाची हुबेहूब नक्कल.

हे खरे कशावरून? संत्र्याच्या गोतावळ्यातील एका झाडाला बेलासारखी त्रिदली पाने असतात. त्याचे पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर टाकले, तर त्या परागातून झालेले रोप त्रिदली निघते आणि आईच्या पेशींतून झालेले रोप साध्या एकेरी पानांचे. एकाच बीतून दोन्ही तऱ्हेची रोपे शेजारी शेजारी उगवलेली पाहिली की शंका उरत नाही.

विदर्भातील रोपवाटिकावाले या गोष्टीचा उपयोग वर्षानुवर्षे करीत आले आहेत. नागपुरी संत्र्याचे डोळे जंबेरीच्या किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर भरतात. हे खुंट बियांपासूनच वाढवलेले असतात, पण त्यांतले बहुतेक एकमेकांसारखे निघतात, कारण ते आईच्या देहपेशींतून आलेले असतात. वाफ्यात एखादे रोप खुरटे किंवा वेगळ्या चणीचे दिसले की माळी ते उपटून टाकतो.

देहातील साध्या पेशीपासून निर्माण झालेल्या अशा गर्भाला ‘कायिक गर्भ’ म्हणतात. संत्रे तो आपणहून करते. गाजराला, चंदनाला किंवा ताडाला तो करायला लावता येईल का?

या प्रश्नामागे एक मोठी कल्पना आहे. झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीत सबंध झाड घडविण्याची पोथी असते. मुळाची पेशी त्या पोथीतले मुळाच्या कामाचे अध्याय उघडे ठेवते आणि बाकीचे जणू दोरा बांधून ठेवून देते. पानाची पेशी वेगळे अध्याय उघडते. पोथी मात्र कोणी फाडून टाकलेली नसते. दोरे सोडता आले, तर कोणत्याही पेशीतून पुन्हा पहिल्यापासून झाड घडवता यावे. पेशीच्या या अंगभूत सामर्थ्याला ‘पूर्णक्षमता’ म्हणतात.

ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ साली हे सिद्ध करण्याचा घाट घातला. त्यांनी पानांतील सुट्या पेशी साखर आणि क्षार यांच्या द्रावणात ठेवल्या. पेशी जगल्या, आकारानेही वाढल्या, पण एकीचेही विभाजन झाले नाही. प्रयोग फसला. तरीही त्यांनी लिहून ठेवले की, पुढेमागे देहपेशींपासून कृत्रिम रीतीने गर्भ तयार करता येईल. फसलेल्या प्रयोगाच्या निबंधात इतके ठाम भाकीत करायला धाडस लागते. चूक त्यांच्या कल्पनेत नव्हती. त्यांनी निवडलेल्या पेशी पूर्ण वाढ झालेल्या, आपल्या कामात मुरलेल्या होत्या. आणि पेशींना विभाजनाचा हुकूम देणारी संप्रेरके त्या वेळी कोणालाच माहीत नव्हती.

हा हुकूम पहिल्यांदा मिळाला तो आपल्या ओळखीच्या एका वस्तूतून. नारळाचे पाणी हे नारळाच्या गर्भाचे अन्न. एका गर्भाला जे पोसते ते दुसऱ्यालाही पोसेल, असा विचार करून योहानेस व्हान ओव्हरबेक आणि त्यांचे सहकारी यांनी १९४१ साली धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ नारळाच्या पाण्यावर वाढवून दाखवले. (इंग्रजी ग्रंथांत याला नारळाचे ‘दूध’ म्हटलेले असते. ते वाचून कोणी खोबरे किसून पिळायला बसू नये!)

पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टुअर्ड यांनी गाजर हाती घेतले. गाजराच्या अन्नवाहक भागाचे टाचणीच्या डोक्याएवढे तुकडे त्यांनी नारळाचे पाणी घातलेल्या द्रावणात टाकले आणि ती काचपात्रे सावकाश फिरत राहतील अशी व्यवस्था केली. तुकडे झपाट्याने वाढले. त्यांच्यापासून काही पेशी सुट्या होऊन द्रावणात तरंगू लागल्या. त्यांचे पुंजके झाले, पुंजक्यांना मुळे फुटली, आणि काहींनी तर बीतील गर्भाची रूपे घेतली. अखेर त्यांतून मुळे, पाने, फुले असलेली गाजराची संपूर्ण झाडे मिळाली. हे वर्ष होते १९५८. त्याच सुमारास जर्मनीत याकोब राइनर्ट यांनाही गाजराच्या पेशींतून गर्भ मिळाले. हाबरलांट यांचे भाकीत खरे ठरायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

एक शंका उरली होती. पुंजका अनेक पेशींचा असतो. मग झाड एकाच पेशीतून आले असे कसे म्हणावे? भारतातून अमेरिकेत गेलेल्या विमला वासिल यांनी १९६५ साली हिल्डेब्रँट यांच्यासमवेत तंबाखूची एकच सुटी पेशी द्रावणाच्या थेंबात वेगळी ठेवली, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर नजर ठेवली आणि तिच्या वंशजांपासून पूर्ण झाड मिळवले. त्याच्या एक वर्ष आधी, १९६४ मध्ये, दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांना धोतऱ्याच्या परागकोशातून गर्भ बाहेर पडताना दिसले होते. ते गर्भ परागकणांचे होते. म्हणजे ज्याने दुसऱ्या पेशीशी मीलन करायचे तो परागकणही एकटाच गर्भ बनू शकतो!

आता प्रयोगशाळेत डोकावू. पोषक माध्यमाची पाककृती बहुतेक ठिकाणी मुराशिगे आणि स्कूग यांची असते. ती त्यांनी १९६२ साली तंबाखूसाठी बसवली. तीत नत्र, स्फुरद, पालाश, चुना, लोह असे क्षार, थोडी जीवनसत्त्वे आणि लिटरला ३० ग्रॅम साखर असते. झाडाला साखर कशाला? काचेतल्या तुकड्याला आपले अन्न स्वतः पुरेसे बनवता येत नाही म्हणून. माध्यम घट्ट करायला अगर घालतात, म्हणजे आपले चायनाग्रास. पण साखर म्हटली की बुरशी आणि जिवाणू आलेच. म्हणून माध्यम १२१ अंश सेल्सिअसला वाफेच्या दाबाखाली १५-२० मिनिटे ठेवतात. घरचा प्रेशर कुकर नेमके हेच करतो. वनस्पतीचा तुकडा मात्र असा शिजवून चालत नाही. तो रसायनांनी वरून निर्जंतुक करावा लागतो. रसायन कमी पडले तर बुरशी राहते, जास्त झाले तर तुकडाच मरतो.

खरी किल्ली संप्रेरकांची. शेतकरी रुंद पानांची तणे मारायला २,४-डी फवारतात हे तुम्हाला माहीत असेल. हे ऑक्झिन प्रकारचे रसायन आहे. शेतातल्या मात्रेत ते तण मारते, पण लिटरभर माध्यमात मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर तेच पेशींना विभाजनाला लावते. गाजराचा तुकडा अशा माध्यमावर ठेवला की त्यावर पांढुरक्या-पिवळसर, ठिसूळ पेशींचा ढीग वाढू लागतो. याला कॅलस म्हणतात. यात ना मूळ, ना खोड, ना पान. पेशी आपला धंदा विसरलेल्या असतात. हा ढीग मग २,४-डी नसलेल्या माध्यमात हलवायचा. आश्चर्य असे की, गर्भाची वाढ संप्रेरक दिल्याने नव्हे, तर काढून घेतल्याने होते. पेशींचे पुंजके प्रथम गोल होतात, मग त्यांना वर दोन खांदे फुटून ते बदामाच्या आकाराचे दिसतात, नंतर लांबट होऊन पाणतीरासारखे होतात. बीतील गर्भ ज्या पायऱ्या चढतो त्याच या पायऱ्या. एका टोकाला मूळ आणि दुसऱ्या टोकाला अंकुर अशी दोन्ही टोके गर्भाला जन्मतःच असतात. नुसत्या फुटव्याला तसे नसते. त्याला मुळे वेगळी फोडावी लागतात.

एका काचपात्रात असे हजारो गर्भ तयार होऊ शकतात. ते नाजूक असतात, त्यांना बीची साल नसते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात व्ही. ए. बापट आणि पी. एस. राव यांनी चंदनाच्या कायिक गर्भांना अल्जिनेटच्या मण्यांत बसवून ‘कृत्रिम बिया’ केल्या आणि त्यांतून १९८८ मध्ये चंदनाची रोपे मिळवली. अल्जिनेट हा समुद्रशैवालातला पदार्थ. त्याच्या द्रावणाचा थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात पडला की साबुदाण्यासारखा घट्ट होतो.

येथवर वाचून तुम्हाला वाटेल की, आता काय, हवे ते झाड हव्या तितक्या संख्येने मिळणार. १९७० च्या दशकात पुष्कळ जाणत्या लोकांनाही तसेच वाटले होते.

आधी केळीचे पाहू, कारण ती वाट सोपी आहे. खाण्याच्या केळीत बी धरत नाही. जळगावकडचा शेतकरी पूर्वी बागेतले मुनवे काढून लावीत असे. एका झाडापासून वर्षाला थोडेच मुनवे मिळत, आणि त्यांच्याबरोबर रोग व सूत्रकृमीही नव्या शेतात जात. आज तेथील पुष्कळ बागा ‘ग्रँड नैन’ या जातीच्या ऊतिसंवर्धित रोपांच्या आहेत. शेतकरी तिला जी-नाईन म्हणतात. या पद्धतीत मुनव्याच्या कंदातील शेंड्याचा डोळा काढून काचपात्रात ठेवतात. सायटोकायनिन या संप्रेरकामुळे त्याला बगलेत फुटवे येतात. ते वेगळे करून पुन्हा नव्या माध्यमावर ठेवतात. दर महिन्याला एकाचे तीन झाले असे धरा. आठ महिन्यांत किती होतील? गणित करून पाहा: ६५६१. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. या वाटेवर पेशी आपला धंदा विसरलेल्या नसतात. डोळा पहिल्यापासून डोळाच होता; त्याला फक्त जास्त फुटायला लावले. तरीसुद्धा फार वेळा हलवाहलव केली तर खुजी, विचित्र पानांची रोपे वाढतात, म्हणून ठरावीक फेऱ्यांनंतर पुन्हा बागेतून नवा डोळा आणावा लागतो.

तेलताडाची गोष्ट निराळी. रेशनच्या दुकानात मिळायचे ते पामतेल या झाडाचे. मूळचे ते पश्चिम आफ्रिकेतले, पण त्याच्या मोठाल्या बागा मलेशिया आणि इंडोनेशियात आहेत. बियांपासून केलेल्या बागेत काही झाडे भरघोस तेल देतात, काही बेताचे. सर्वांत चांगल्या झाडाच्या नकला मिळाल्या तर उत्पन्न वीस-तीस टक्क्यांनी वाढेल, अशी आशा होती. पण नकला करायच्या कशा? तेलताडाला फांद्या नाहीत, मुनवे नाहीत. एकच शेंडा. तो काढला की झाडच मेले. म्हणजे केळीची वाट बंद. उरली ती कायिक गर्भाची.

ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मुळांचे तुकडे घेतले, फ्रेंचांनी शेंड्याच्या पोटातली कोवळी पाने. तुकड्यापासून कॅलस, कॅलसपासून गर्भ, गर्भापासून रोप, या प्रवासाला दोन-तीन वर्षे लागत. १९७० च्या दशकात हे साधले. रोपे हिरवीगार, एकसारखी, निरोगी होती. मोठ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, बागा लागल्या. तेलताडाला फुले यायला लावणीनंतर साधारण तीन वर्षे लागतात. तोवर सारे ठीक दिसत होते.

फुले आली तेव्हा काही झाडांवर विपरीत प्रकार दिसला. जेथे पुंकेसर असायचे तेथे स्त्रीकेसरासारखे मांसल अवयव आले होते. मादीफुलातही तेच. फळे धरली ती भोवती जादा पाकळ्यांची झूल पांघरल्यासारखी. अशा पुष्कळ फळांत बी नसे आणि बरेच घड पक्व होण्याआधीच कुजून जात. तेल नाही. १९८६ साली या विकृतीविषयी सविस्तर लिहिले गेले, आणि प्रयोगशाळांनी हात आखडता घेतला. एकाच झाडाच्या नकलांपैकी काही झाडे चांगली आणि काही बिघडलेली, आणि लहानपणी दोन्ही सारखीच दिसत. शेतकऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा वाईट काय? खत, पाणी, जमीन आणि तीन वर्षे घातल्यावर कळायचे की हे झाड वांझ आहे.

शास्त्रज्ञांना कोडे पडले ते असे. पोथीतली अक्षरे कोठे बदलली म्हणावे, तर चांगल्या आणि बिघडलेल्या झाडांच्या डीएनएत अक्षरांचा असा फरक सापडेना. शिवाय काही बिघडलेली झाडे काही वर्षांनी आपोआप सुधारत. अक्षर बदलले असते तर असे सहसा होत नाही. म्हणजे बदल अक्षरात नव्हे, दोऱ्यात होता!

हे दोरे खरोखरचे आहेत. डीएनएवर ठिकठिकाणी मिथिल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटवून पेशी तो भाग गप्प ठेवते. असे गप्प ठेवण्याजोगे पुष्कळ तुकडे डीएनएत असतात. त्यांतले काही तर आपली नक्कल करून दुसरीकडे जाऊन बसणारे उपद्व्यापी तुकडे असतात. मलेशियाच्या पामतेल मंडळातील मेलिना ओंग-अब्दुल्ला आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली असा एक तुकडा नेमका हुडकून काढला. पुंकेसर घडविण्यात ज्याचा हात असतो त्या जनुकाच्या मधोमध तो बसलेला आहे. चांगल्या झाडांत त्यावर मिथिल गटांची दाट वीण असते. कॅलसच्या अवस्थेत पेशी आपले सारे काही सैल करते, तेव्हा काही पेशींत हीही वीण उसवते. मग त्या जनुकाचा संदेश मध्येच तुटतो आणि पुंकेसराच्या जागी स्त्रीकेसर येतो. या जातीचा तुकडा त्याआधी जपानी शास्त्रज्ञांना भातात सापडला होता. त्यांनी त्याला नाव दिले होते ‘कर्म’! २०१५ च्या निबंधात मिथिलने झाकलेल्या तुकड्याला ‘चांगले कर्म’ आणि उघड्या पडलेल्याला ‘वाईट कर्म’ असेच म्हटले आहे. आपल्याकडे हा शब्द इतका चालतो की, विनोद समजावून सांगायची गरज नाही.

पेशी काय विसरते आणि काय लक्षात ठेवते याचा एक वेगळाच नमुना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९९० साली दिसला. बांबूला आयुष्यात एकदाच, कित्येक जातींत काही दशकांनंतर, फुलोरा येतो. रजनी नाडगौडा, व्ही. ए. पाराशरामी आणि ए. एफ. मस्कारेन्हस यांच्या काचपात्रांत बांबूची कोवळी रोपे काही महिन्यांतच फुलली आणि त्यांना बीही धरले. त्या माध्यमातही नारळाचे पाणी होते.

तेलताडाच्या शोधाचा व्यावहारिक उपयोग लगेच ध्यानात आला. रोप प्रयोगशाळेत असतानाच त्याच्या पानाची एक छोटी चकती कापायची, तिच्यातील डीएनए काढायचा आणि त्या एका जागी मिथिल गट आहेत की नाहीत एवढे तपासायचे. फुले येण्याची वाट पाहावी लागत नाही. जे रोप डोळ्यांना शेजारच्या रोपासारखेच हिरवेगार दिसते, पण ज्याची ही वीण उसवलेली आहे, ते लावणीला जाण्याआधीच बाजूला काढता येते.